खऱ्या दलालाला वकील कधीच कमी पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. बायकापोरांची तस्करी करणाऱ्यांचं वकीलपत्र कुठल्याही वकिलाने घेऊ नये आणि आपल्या जिल्ह्याच्या बार असोसिएशनने तसा ठरावच करावा, असं त्यांचं म्हणणं. राग समजतो मला, मी फौजदारी वकील आहे, तालुका कोर्ट आणि सेशन्स दोन्हीकडे कामं करतो, अशा केसेसमधल्या मुली साक्षीला उभ्या राहिलेल्या बघितल्यात आणि ते बघून ज्याला राग येत नाही त्याने कोर्टात येऊच नये. पण पत्रात जे मागितलंय ते खरंच झालं तर नुकसान कोणाचं होईल हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त रिमांडचा भाग ठेवा.

ठरावाचं आधी उरकून टाकतो. असा ठराव बेकायदा आहे, हे मी नाही सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय, ए. एस. मोहम्मद रफी केसमध्ये. गंमत म्हणजे तिथे कोइम्बतूरच्या वकिलांनी बहिष्कार टाकला होता तो आरोपी असलेल्या पोलिसांवर! म्हणजे उद्या कोणावर ही वेळ येईल सांगता येत नाही. कसाबच्या वेळी मुंबईत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, वकील मिळेना आणि ज्या वकीलबाईंनी नेमणूक घेतली त्यांच्या घरावर लोक चालून गेले. शेवटी त्याला खालच्या कोर्टात, हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात सगळीकडे वकील दिले म्हणूनच ती शिक्षा टिकली ना. उलट उदाहरण दिल्लीचं, १९९७ च्या बस बॉम्बस्फोटाच्या खटल्यात आरोपीला फाशी झाली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द करून नव्याने खटला चालवायला लावला, कारण काय तर ढीगभर साक्षीदार तपासले गेले आणि त्या माणसाच्या बाजूने उलटतपासणी घ्यायला धड वकीलच नव्हता. पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं. ज्यांना आरोपीला वकील नको वाटतो त्यांनी हे आधी बघावं.

असो, ते कायद्याचं झालं. मला बोलायचंय ते भुसावळ-मनमाडच्या केसबद्दल, कारण ती आपल्या भागातली आहे.

३० मे २०२३. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुलं पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. मुलांची तस्करी चाललीय अशी खबर आली, रेल्वे पोलीस आणि एका संस्थेच्या लोकांनी भुसावळ आणि मनमाडला मुलं उतरवून घेतली, सोबतच्या पाच शिक्षकांवर भादंवि ३७० (माणसांच्या तस्करीचं कलम) लावून अटक. मुलं नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत बारा दिवस, नंतर परत बिहारला. शिक्षक जवळपास चार आठवडे आत, आधी पोलीस कोठडी मग न्यायालयीन. आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनीच केस बंद केली, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता म्हणून!! तस्करी नव्हतीच.

त्या दिवसाच्या बातम्या काढून बघा, तुमच्यासकट सगळ्यांच्या. ५९ मुलांची सुटका, तस्करांना बेड्या, पहिलं पान. केस बंद झाल्याची बातमी कुठे होती? मला तरी शोधावी लागली.

आता कोणी म्हणेल की मुलं वाचवायला गेले त्यात चूक काय, शंका आली तर गाडी थांबवायला नको का. थांबवायलाच पाहिजे की. एवढी पोरं, आईबाप सोबत नाहीत, कागद अपुरे, उतरवून घ्या, चौकशी करा, घरच्यांना फोन लावा. चौकशीला माझी ना नाही. पण चौकशी आणि अटक यांच्यामध्ये एक पायरी असते, तिथे कोणीतरी विचारायचं असतं की साहेब, कलम लावलंय खरं पण त्या कलमात लिहिलंय काय? ३७० म्हणा किंवा १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं १४३ म्हणा, नुसतं मुलांना एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणं म्हणजे तस्करी नाही. तिथे तीन गोष्टी लागतात, नेणं-आणणं-ठेवून घेणं यातलं काहीतरी, ते धमकीने, फसवून, पळवून किंवा पैशाच्या आमिषाने, आणि तेही शोषण करण्यासाठी. शोषण कुठलं ते पण लिहिलंय, लैंगिक, गुलामीसारखं, अवयव काढणं, आता नव्या कायद्यात भीक मागायला लावणं पण आलंय. पाच शिक्षकांच्या केसमध्ये शोषण कुठलं हे पहिल्या रिमांडला कोणी ठणकावून विचारलं असतं तर चार आठवडे लागले असते का, मला नाही वाटत. आणि शिक्षा किती तर एकापेक्षा जास्त मुलं म्हटली की किमान १४ वर्षं ते जन्मठेप. एवढं मोठं कलम लागलं की मॅजिस्ट्रेट पण हात आखडता घेतात, जामीन वरच्या कोर्टात बघा म्हणतात.

रिमांड म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतो. अटक झाली की २४ तासांत कोर्टापुढे आणायचं. आरोपी आणतात बहुतेक दुपारनंतर, कोर्टाचा बोर्ड संपत आलेला, तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट देतो, त्यात कारणं ठरलेली, आणखी आरोपी आहेत काय याचा तपास, आंतरराज्य टोळी आहे काय याचा तपास, मोबाईलचं सीडीआर म्हणजे कॉलची नोंद काढायचीय, सात दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी द्यावी. सरकारी वकील उभे राहून तेच वाचतात. आरोपी परप्रांतातला असेल तर त्याला रिमांड रिपोर्टमधलं मराठी कळत नाही, त्याचे घरचे दीड हजार किलोमीटरवर, फोन जप्त झालेला आणि नंबर पाठ नाहीत. कोर्ट विचारतं वकील आहे का, तो नुसता बघत राहतो. मग कोर्ट लीगल एडच्या म्हणजे सरकारी मोफत मदतीच्या वकिलाला म्हणतं जरा बघा, तो बिचारा फाईल हातात घेतो तोवर दोन मिनिटं झालेली असतात. पीसीआर मंजूर. पुढची केस.

या दोन मिनिटांत पुढचे महिने ठरतात, हे माझं सगळ्या पत्राचं म्हणणं आहे.

कायद्यात तरतूद नाही असं अजिबात नाही. घटनेचं कलम २२ आहे (वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क), ३९-अ आहे (मोफत कायदेशीर मदत), १९७९ मध्ये हुसैनारा खातूनच्या केसपासून गरीब आरोपीला फुकट वकील द्या म्हणून सुप्रीम कोर्ट कंठशोष करतंय. २०१२ मध्ये कसाबच्याच निकालात कोर्टाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा पुढे आणलं की तुला वकील मिळू शकतो, फी सरकार देईल, हे मॅजिस्ट्रेटने त्याला सांगायचंच. आणि आता नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसवरून (तिथला आरोपी काही गरीब नव्हता बरं का) सुप्रीम कोर्ट म्हणालं की अटकेची कारणं लेखी द्या, त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या, आणि लगेच देणं शक्यच नसेल तर रिमांडसाठी उभं करायच्या निदान दोन तास आधी तरी द्या. छान निकाल आहे, मनापासून स्वागत. पण अररियाच्या माणसाला हिंदीत किंवा उर्दूत कारणं लिहून देणारा हवालदार मनमाडला रात्री अकरा वाजता कुठून आणणार आणि दिली तरी ती वाचून पुढे काय करायचं हे सांगणारा कोण?

त्यासाठी एक व्यवस्था आहे, ती आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. नालसाने म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये योजना आणली, आपल्याकडे तिला लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, पूर्णवेळ पगारी वकील फक्त आरोपींच्या बचावासाठी. पूर्वीसारखं पॅनेलवरच्या ज्याला वेळ असेल त्याने जायचं असं नाही. कल्पना चांगली आहे, काही ठिकाणी काम पण चांगलं चाललंय. पण ते वकील भेटतात कोर्टात, पोलीस स्टेशनला नाही, आणि गुन्हा खरा तिथे लिहिला जातो. बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३८ मध्ये चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसायचा नाही पण भेटायचा तर आहे. निदान १४३ चा गुन्हा दाखल झाला की ठाणे अंमलदाराने त्याच रात्री प्राधिकरणाला कळवायचं आणि ड्युटीवरच्या वकिलाने स्टेशनला जायचं एवढं जरी झालं तरी खूप. रेल्वे स्टेशनवरच्या कारवाया तर हमखास रात्रीच होतात.

जामिनाचं तर विचारूच नका. समजा जामीन झाला, पुढे काय? स्थानिक जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा, सॉल्वन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला आणा. बिहार, बंगाल, झारखंडच्या माणसाला मनमाडला सातबारावाला कोण भेटणार हो! १९७८ मध्ये मोती राम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने यावरून झापलं होतं की दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणजे काय, माणूस स्वतःच्याच देशात परका झाला का. जानेवारी २०२३ मध्ये परत सांगितलं की स्थानिक जामीनदाराची अट घालू नका. पंचेचाळीस वर्षांत दोनदा तेच सांगावं लागतं यातच सगळं आलं. जामीन मिळूनही आतच पडलेले लोक मी बघितलेत, त्यांच्यावर कोणी बातमी करत नाही.

आता त्या वाचकांचा मूळ मुद्दा, की असल्यांना वकील दिला तर खरे गुन्हेगार सुटतात. साहेब, खऱ्या दलालाला वकील आम्ही द्यायची गरज नसते. छापा पडला आणि मुली बालकल्याण समितीपुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे पोचायच्या आत त्याचा वकील गेटवर हजर असतो, भारी पेन, भारी गाडी. हे इतकं राजरोस चाललं होतं की २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाला आदेश काढावा लागला, की जो वकील दलालाच्या किंवा कुंटणखाना चालवणारीच्या वतीने उभा आहे त्याने त्याच केसमधल्या सोडवलेल्या मुलीच्या वतीने उभं राहायचं नाही. म्हणजे आरोपीचाच वकील मुलीच्या नावाने अर्ज देऊन तिला सोडवून परत त्याच्याच ताब्यात देत होता! याला मी बचाव म्हणत नाही, ही तर तस्करीच झाली वकिलाच्या कोटात. असल्या वकिलांवर बार कौन्सिलने कारवाई करावी असा ठराव आणा, पहिली सही माझी. पण लक्षात घ्या, हायकोर्टाने वकिलाला मुलीपासून लांब केलं, आरोपीचा वकील काढून घेतला नाही. दोघांना वेगळे वकील, हाच त्यावरचा इलाज.

वकिलाविना राहतो तो खालचा माणूस. छाप्यात सापडतं कोण, तर दार उघडणारा पोऱ्या, स्वयंपाकाची बाई, गाडी चालवणारा, पैसे मोजून घेणारा. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात मजूर डांबून ठेवल्याची केस झाली तर मुकादम आत जातो, मालक क्वचित, मुकादमाने त्याच्यासाठीच माणसं आणली असली तरी. पिटा कायद्याचं म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं कलम ४ बघा, वेश्या व्यवसायाच्या कमाईवर जगणारा १८ वर्षांवरचा कोणीही आरोपी. आणि तिच्यासोबत राहतो किंवा कायम तिच्या संगतीत असतो एवढं सिद्ध झालं की बाकीचं कोर्टाने गृहीत धरायचं, नाही म्हणून सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. मग म्हातारी आई, कॉलेजात जाणारा मुलगा, सगळे त्यात बसतात. त्यांनी कुठला वकील लावायचा? बरं स्वतः त्या बाईचं काय, २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन सज्ञान बायकांना सुधारगृहातून सोडायला लावलं, त्या आरोपी नव्हत्याच, पीडित म्हणून आणल्या होत्या आणि त्यांच्या मनाविरुद्ध वर्षभर ठेवायचा आदेश झाला होता. म्हणजे पीडित ठरलेलीला पण वकील लागतो. विधी सेवा कायदा १९८७ चं कलम १२ काढून वाचा, फुकट वकील कोणाला याची यादी आहे, त्यात मानवी तस्करीची पीडित व्यक्ती आहे आणि त्याच यादीत खाली कोठडीतला माणूस पण आहे, मग तो कुठल्याही गुन्ह्यातला असो, उत्पन्न कितीही असो, आणि त्या कोठडीत पिटाखालचं संरक्षणगृह पण धरलंय. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना दोघं एका यादीत ठेवताना काही अडचण वाटली नाही.

आणि आता नवीन प्रकार. म्यानमार, कंबोडियात डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून पोरं नेतात, आपल्या महाराष्ट्रातली पण गेलीत, पासपोर्ट काढून घेतात आणि सायबर फ्रॉड करायला बसवतात. ती पोरं पीडित की आरोपी? दोन्ही. जिवाच्या धमकीने केलं असा बचाव न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये आहे पण तिथे लागते तत्काळ मरणाची भीती, उपाशी ठेवणं, करंट देणं, पासपोर्ट अडकवणं त्यात सरळ बसत नाही. अशा पोराला चांगला वकील नसेल तर ज्याने फसवून नेलं तो एजंट बाहेर आणि हा आत, असं व्हायला वेळ लागणार नाही.

बचाव पक्षाचा वकील नेमकं करतो काय असं पण विचारलंय त्या पत्रात, खोटं बोलतो का म्हणून. बघा, पिटाच्या छाप्यात पोलिसांना वॉरंटशिवाय घुसायचा अधिकार आहे पण दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यात एक तरी बाई हवी. प्रत्यक्षात पंच कोण तर तेच ठरलेले, दहा पंचनाम्यांवर सही असलेले. बोगस गिऱ्हाईक पाठवलं, नोटांचे नंबर लिहिले, पण नोटा सापडल्या कोणाच्या खिशात हे पंचनाम्यात एक आणि जबाबात एक. मुलीचं वय कसं ठरवलं? शाळेचा दाखला आणलाच नाही, थेट हाडांची तपासणी, त्यात दोन वर्षं इकडे तिकडे होऊ शकतात हे सुप्रीम कोर्टानेच मान्य केलेलं, आणि १८ च्या आत की बाहेर यावर तस्करीच्या कलमात किमान शिक्षा दहा वर्षं की सात वर्षं हे ठरतं. हे विचारणं म्हणजे खोटं बोलणं नाही. मी हे विचारणार हे माहीत असलं की पुढच्या वेळी तपासी अंमलदार दाखला आणतो, खरी बाई पंच शोधतो, आणि ती केस मग माझ्या अशिलाच्या विरुद्ध पण टिकते. सुटतात त्या केसेस बहुतेक अशाच ढिसाळ कामामुळे आणि साक्षीदार मुलगी गावी निघून गेल्यामुळे सुटतात, वकिलाच्या जादूने नाही.

जामीन सरसकट द्या असं पण मी म्हणत नाहीये. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लहान बाळं चोरून विकणाऱ्या टोळीच्या आरोपींचे जामीन सुप्रीम कोर्टाने रद्द केले, हायकोर्टाने फार सहज दिले म्हणून सुनावलं, असे खटले सहा महिन्यांत संपवा म्हणाले. बरोबरच आहे ते, तिथे बाळं विकल्याचं प्रकरण होतं. पण सहा महिन्यांत खटला संपवायचा तर पहिल्या दिवसापासून आरोपीला धड वकील हवा, नाहीतर दिल्लीच्या बस केससारखं परत मूळ गावाला.

आणि ओळख असली की कसं चक्र फिरतं ते जुलै २०२५ मध्ये दुर्गला दिसलं. छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्स आणि एका तरुणाला तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून अटक, सोबतच्या तीन बायका सज्ञान होत्या, नोकरीसाठी आग्र्याला निघाल्या होत्या. सेशन्स कोर्ट म्हणालं हा गुन्हा एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याच्या यादीत आहे (२०१९ ला तस्करी त्यात घातली), आम्हाला अधिकार नाही, बिलासपूरच्या विशेष कोर्टात जा. २५ जुलैला अटक, २ ऑगस्टला जामीन. संसदेत आवाज उठला, केरळातले सगळे पक्ष एक झाले, तरी नऊ दिवस गेले आणि कोर्टं फिरावी लागली. ज्याच्या मागे एक खासदार सोडा सरपंच पण नाही त्याने कुठल्या कोर्टात जायचं हे पण त्याला कळणार नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, चार्जशीट येईपर्यंत आरोपीचं नाव-फोटो आणि त्याच्या गावाचं नाव छापू नका, आणि 'तस्कर' नाही 'आरोपी' लिहा. केस बंद झाली किंवा निर्दोष सुटला तर ज्या पानावर अटक छापली त्याच पानावर छापा. भुसावळच्या पाच शिक्षकांबद्दल आजही हे करता येईल. दुसरी गोष्ट, अशा बातमीखाली चौकट टाकता ना तुम्ही, मुलांसाठी १०९८ म्हणून, तिथेच १५१०० पण टाका. नालसाचा टोल फ्री नंबर आहे, पीडितेच्या घरच्यांनाही चालतो आणि अटक झालेल्याच्या घरच्यांनाही. फोन लावताना आरोपी कुठल्या पोलीस स्टेशनला आहे आणि गुन्हा रजिस्टर नंबर काय तेवढं हाताशी ठेवायला सांगा, म्हणजे वकील दुपारच्या रिमांडआधी पोचू शकेल.

आपला,
एक फौजदारी वकील
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये)